बंदुकीआधीची तयारी

तेल्हाऱ्याहून उत्तरेस पाहिले की सातपुड्याची निळसर रेघ दिसते. तिच्या पायथ्याशी वान नदीचे खोरे, वारी भैरवगडचा हनुमान आणि धरण. दक्षिणेस पूर्णाकाठची खारपाणपट्टी. आणि दोहोंच्या मध्ये कपाशी, तूर, हरभऱ्याचा काळा, सपाट मुलूख. दिवाळी उलटून हरभरा वीतभर वर आला, की या मुलखातील शेतकऱ्याची झोप उडते. धुऱ्याधुऱ्यावर शेकोट्या पेटतात, डबे वाजतात, मचाणावरून हाळ्या उठतात. ही जागल चोरासाठी नसते. ती रोह्यांसाठी आणि रानडुकरांसाठी असते. रोह्यांचा कळप एका रात्रीत जेवढे खातो त्याहून अधिक तुडवितो. रानडुकरे जेवढे खातात त्याहून अधिक उकरतात. सकाळी पंचनामा होतो, अर्ज जातो आणि नुकसानभरपाईची वाट पाहणे सुरू होते.

या दुखण्यावर एक उपाय कागदावर आहे. पिकांची नासाडी करणारे रोही व रानडुक्कर यांच्या पारधीची परवानगी देण्याची पद्धत २०१५ साली राज्य शासनाने सोपी केली आणि तो अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणून ठेवला. परवानगी सोपी झाली. पण ती हाती आल्यावर काय करावयाचे, हा प्रश्न सुटला नाही. परवानगीचा कागद घेऊन धुऱ्यावर उभा राहिलेला शेतकरी जुन्या शिकाऱ्यांच्या भाषेत मोठ्या शिकारीच्या पहिल्या हंगामात पाऊल टाकीत असतो. नर रोही हे दोनशे किलोंच्या घरातले जनावर आहे. त्याच्यावर गोळी झाडण्यासाठी त्या शेतकऱ्याची कोणती तयारी कोणी करून घेतली, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

सरकारी रानातला हंगाम

मोठ्या जनावराची शिकार ही या प्रदेशाला नवी गोष्ट नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढे मेळघाटचे जंगल राखीव झाले. राखीव म्हणजे सरकारी; आणि सरकारी म्हणजे परवान्यावाचून बंद. मध्यप्रांत-वऱ्हाडातील अशा जंगलांचे शिकारीसाठी ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. ज्याला ब्लॉक हवा त्याने वनाधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा आणि शुल्क भरावयाचे. कोणता ब्लॉक, किती दिवस, कोणते जनावर आणि किती, हे परवान्यावर लिहून मिळे. हिवाळा सांबरासारख्या जनावरांचा. उन्हाळ्यात नाले आटून मोजकेच डोह उरले म्हणजे वाघाच्या शिकाऱ्यांची गर्दी होई. आरंभी ब्लॉक घेणारे बहुतेक गोरे अधिकारी आणि संस्थानिक असत. नंतर वकील, डॉक्टर, देशमुख असे हौशी लोकही त्यांत आले.

पहिल्यांदा ब्लॉक घेणाऱ्याने तयारी कशी करावी, याची एक रीत होती. पहिली तयारी रायफलीची. शंभर पावलांवर फळी ठेवून नेम बसवावयाचा. तो बसला तरी उभ्याने, बसून आणि धाप लागलेली असताना पुन्हा पाहावयाचा, कारण डोंगर चढून आलेल्या माणसाचा हात स्थिर नसतो. दुसरी तयारी रानाची. रोही एकाच ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. त्या ढिगावरून कळपाचा वावर कळतो. सांबर उजाडण्यापूर्वी दाट झाडीत शिरते, म्हणून त्याच्या परतीची वाट आदल्या दिवशीच हेरून ठेवावी लागते. चिमूटभर धूळ हातातून सोडून वारा पाहावयाचा. तो आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर मुकाट्याने माघारी यावयाचे.

सर्वांत अवघड होती ती बार केव्हा काढावयाचा नाही हे शिकण्याची तयारी. जनावर समोर तोंड करून उभे असेल, त्याच्या मागे दुसरे जनावर वा पायवाट असेल, किंवा उजेड पुरेसा नसेल, तर चापावरचे बोट काढून घ्यावयाचे. खांद्याच्या मागे, काळीज-फुफ्फुसाच्या जागी गोळी बसली तर जनावर थोड्या अंतरावर कोसळते. पोटात बसली तर तेच जनावर कोसभर जाते आणि तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस तळमळत मरते. म्हणून बार झाल्यावर धावत सुटावयाचे नाही. घटकाभर थांबावयाचे, मग रक्ताचा माग काढावयाचा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस. काळपट रक्त म्हणजे जखम पोटाकडची आणि माग लांबचा. जखमी जनावर टाकून मुक्कामी परतणे हा चांगल्या शिकाऱ्याच्या लेखी सर्वांत मोठा कमीपणा होता.

हे सारे वर्णन वाचून त्या काळाविषयी हळहळ वाटण्याचे मात्र कारण नाही. नियम होते, तसे नियम मोडणारेही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी आणि प्रखर दिवा हाती आला, तेव्हा परवान्यावरचा आकडा आणि शिकाऱ्याची नीती यांचा अनेकांना विसर पडला. दिव्याच्या झोतात डोळे दिपून उभ्या राहिलेल्या जनावरांच्या अंगावर गाडीतूनच गोळ्या झाडल्या गेल्या. त्या हौसेने आणि आटत चाललेल्या जंगलाने मिळून देशातील वाघ अशा थराला आणला की १९७० साली त्याची शिकार बंद करावी लागली. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाटचे नाव आले. १९९७ साली वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही अभयारण्येही झाली. ज्या रानात कधी ब्लॉक मिळत, ते रान बंदुकीला कायमचे बंद झाले, आणि हे योग्यच झाले.

ज्यांना येत होते ते

या इतिहासाची एक बाजू साहेबांच्या शिकारकथांत सहसा सापडत नाही. ब्लॉक घेणारा साहेब रानात उतरे तेव्हा त्याच्या पुढे एक कोरकू चाले. खूर ओळखणारा तो, वारा पाहणारा तो, हाका घालणारे त्याचेच भाऊबंद, आणि जखमी जनावराचा माग काढण्यासाठी झुडपात पहिला शिरणाराही बहुधा तोच. पण त्याच रानात त्याने स्वतःसाठी फासा लावला तर तो गुन्हेगार ठरे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाने राखीव वनात नियमबाह्य शिकार करणे, फासे लावणे, पाण्यात विष कालविणे या गोष्टी गुन्हा ठरविल्या. नियम आवश्यक होता. पण त्याच्या आड ज्याच्यापाशी शुल्क होते त्याची शिकार कायदेशीर झाली आणि ज्याच्यापाशी केवळ विद्या होती त्याची शिकार चोरी ठरली.

वऱ्हाडच्या सपाटीवरील फासेपारध्यांच्या वाट्याला तर याहून कठोर न्याय आला. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटाच्या कळपापर्यंत पोचणारी ही जमात. जनावराची चाल तिच्याइतकी बारकाईने थोड्यांनीच पाहिली असेल. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने तिच्या कपाळी शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र समाजाच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने आपले अरण्यज्ञान आदिवासींकडून घेतल्याचे मोकळेपणाने लिहिले. पण अशी उदाहरणे थोडी. आज रोह्यांच्या बंदोबस्तासाठी जाणत्या माणसांची वाण भासते, तेव्हा हे जाणतेपण कोणी दडपून टाकले याचीही आठवण ठेवली पाहिजे.

कायद्यातून गळालेली रीत

१९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम म्हणजे शिकारबंदीचा कायदा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मूळ कायदा तसा नव्हता. त्याने काही प्राण्यांना पूर्ण अभय दिले आणि उरलेल्यांच्या शिकारीसाठी परवाने ठेवले. रोही आणि सांबर हे ‘बिग गेम’, म्हणजे मोठ्या शिकारीच्या यादीत होते. परवानेधारकाने मारलेल्या वा जखमी केलेल्या जनावराची नोंद ठेवून ती कळवावयाची होती. पिल्ले मारावयाची नव्हती आणि ठरविलेल्या बंद काळात बंदूक उचलावयाची नव्हती.

त्या कायद्याचे १७ वे कलम तर शिकारीच्या नीतीचा संक्षेपच होता. चाकाच्या वाहनातून शिकार करू नये. विष, स्फोटके, खड्डे, फासे वापरू नयेत. शिकारीसाठी रानाला आग लावू नये. कृत्रिम उजेडाचा उपयोग करू नये. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत शिकार करू नये. मोठी जनावरे पाण्यावर वा खारट माती चाटण्यास आली असता मारू नयेत. दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या संमतीवाचून शिकार करू नये. आणि तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, मोठ्या शिकारीची जनावरे रायफलीखेरीज दुसऱ्या बंदुकीने मारू नयेत; तशी मारावयाची तर एकगोळी काडतूस वापरण्याची खास परवानगी घ्यावी. रायफलीची गोळी खोलवर जाऊन काम पुरे करते. छऱ्यांनी एवढ्या जनावराचे कातडे फाटते, प्राण जात नाही. कायदा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होते.

१९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २ ऑक्टोबर १९९१ पासून शिकारीचे परवाने बंद झाले. हौसेची शिकार संपली, तेव्हा तिचे नियम सांगणारी कलमेही वगळण्यात आली. ज्या घरात चूल पेटवावयाचीच नाही तेथे चुलीचे नियम कशाला, असा विचार त्यामागे असावा. पण चूल पुरती विझलेली नव्हती. ११ वे कलम राहिले. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका झालेल्या प्राण्याच्या पारधीची लेखी, सकारण परवानगी त्या कलमाखाली देता येते. मारण्याची मुभा कायद्यात उरली. मारण्याची रीत कायद्यातून गेली आणि प्रत्येक परवानगीच्या अटींवर येऊन पडली.

धुऱ्यावरची वस्तुस्थिती

या मोकळ्या जागेत तो शेतकरी उभा आहे. त्याच्यापाशी बहुधा बंदूक नसते. असली तर ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा छऱ्याची. म्हणजे १९७२ च्या कायद्याने ज्या बंदुकीने रोही मारू दिला नसता, नेमकी तीच. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवानेधारकाला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेण्यास सांगितले, हे चांगलेच झाले. पण बंदूक साफ कशी करावी हे शिकणे वेगळे आणि अंधारात, भिजलेल्या कपाशीत, शेजाऱ्याच्या धुऱ्यावर कोणी जागलीला बसलेला असताना, चालत्या जनावरावर नेम धरावा की धरू नये हे ठरविणे वेगळे. शिवाय ११ व्या कलमाखाली मारलेले जनावर ३९ व्या कलमाने शासनाची मालमत्ता होते. म्हणजे रात्रभर जागावयाचे, दारूगोळ्याचा खर्च सोसावयाचा, जखमी जनावर उसात शिरले तर जीव धोक्यात घालावयाचा आणि मेलेल्या धुडाचा हिशेब सरकारला द्यावयाचा. या खटाटोपात शहाणा माणूस पडत नाही.

मग तो काय करतो? बहुतेक शेतकरी सोसतात. काही ज्वारी, भुईमूग सोडून देतात. काही कर्ज काढून सौर कुंपण घालतात. त्यातील प्रवाह क्षणिक झटक्यांचा असल्याने जनावर दचकून मागे फिरते. आणि थोडे, पण घात करण्यास पुरेसे, घरगुती विजेच्या तारेवर आकडा टाकून उघडी तार धुऱ्यावर सोडतात, किंवा कणकेत गुंडाळलेला स्फोटक गोळा डुकराच्या वाटेवर ठेवतात. तार रोही आणि माणूस यांत फरक करीत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघही मारले आहेत. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडच्या बाजूस मेलेला श्रीनिवास हा गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ अशाच विजेच्या धक्क्याने गेला. आणि कणकेचा गोळा गायीच्या तोंडी लागला, तर जबडा फुटलेली ती गाय पाहण्याची वेळ तो गोळा ठेवणाऱ्या शेतकऱ्यावरही येऊ शकते. प्राण्याचा जीव घेणेच मुळात पटत नाही, अशा सुशिक्षित शहरी माणसाने ही बाजू विचारात घेतली पाहिजे. रोही आणि डुकरे आजही मरत आहेत. ती कायद्याच्या नजरेआड, सर्वांत क्रूर रीतीने आणि कोणत्याही नोंदीवाचून मरत आहेत, एवढेच.

रोही येतो कोठून, हेही पाहावे लागेल. तो मेळघाटच्या दाट अरण्याचा प्राणी नव्हे. त्याला विरळ झुडपांचे माळ, नाल्याकाठच्या बाभळी आणि शेताला लागून असलेला आडोसा मानवतो. वऱ्हाडात असा आडोसा गावोगावच्या ई-क्लास जमिनींवर आहे. या जमिनी सरकारच्या, म्हणजे सर्वांच्या. त्यांतील चराई, अतिक्रमण, वेड्या बाभळीचे रान यांकडे कोणी लक्ष देत नाही. आणि एके काळी या कळपांवर वचक ठेवणारा लांडगा सपाटीवरून जवळजवळ नाहीसा झाला. सार्वजनिक जमिनीवर वाढणारे सार्वजनिक जनावर रात्री एकट्या खातेदाराचे शेत खाते. जनावर सर्वांचे आणि तोटा एकट्याचा, ही या प्रश्नातील खरी तक्रार आहे.

दुसरीकडे काय करतात

अमेरिकेत सार्वजनिक वनभूमीवरील मोठ्या जनावरांची शिकार आजही चालते. तेथील प्रत्येक गोष्ट भारताने उचलावी असे नाही. हौसेची शिकार येथे परत यावी असे तर मुळीच नाही. पण दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. नवख्या शिकाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचे करण्यास न्यूयॉर्क राज्याने १९४९ साली आरंभ केला आणि पुढे इतर राज्यांनी ती वाट धरली. तसेच १९३७ च्या एका कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या अधिवासासाठी राज्यांना मिळू लागला. सार्वजनिक भूमीवर शस्त्र चालविणाऱ्याने आधी शिकले पाहिजे आणि त्याने त्या भूमीला काही परत दिले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. जर्मनीत तर परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावाचून शिकारीचा परवाना मिळतच नाही.

येथे करण्यासारखे आहे ते याच तत्त्वाला धरून. पारधीचे काम एकट्या शेतकऱ्यावर न टाकता तालुक्याला एक शिकलेले पथक असावे. त्यात परवानेधारक शेतकरी असावेत, वनरक्षक असावेत, आणि माग काढण्याची विद्या ज्यांच्या घरात आहे ते कोरकू व पारधी तरुण रीतसर मानधनावर असावेत. मेळघाटातून उठवलेली काही कोरकू गावे आता अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर वसली आहेत. त्यांच्यापाशी हे ज्ञान अजून शिल्लक आहे. शस्त्र जनावराच्या वजनाला साजेसे असावे. प्रत्येक बाराची नोंद व्हावी: लागला, चुकला, की जनावर जखमी होऊन गेले. जुने १७ वे कलम जसेच्या तसे लावता येणार नाही. रोही रात्री येतो, त्यामुळे रात्रीच्या व उजेडाच्या नियमांचा नव्याने विचार करावा लागेल. हौसेच्या शिकारीत मादीला अभय देणे शोभते. संख्या आटोक्यात ठेवावयाची असेल तर केवळ नर मारून उपयोग होत नाही, हेही मोकळेपणाने सांगावे लागेल. आणि या सर्वांआधी कळपांची मोजणी हवी. जे मोजलेले नाही ते कमी करण्याची परवानगी देणे म्हणजे अंधारात गोळी झाडणे होय.

हे सारे खर्चाचे आहे, असे म्हटले जाईल. आहेच. पण आजही खर्च होतोच आहे; तो सरकारच्या तिजोरीतून न होता धुऱ्यावरच्या माणसाच्या झोपेतून, पिकातून आणि कधी कधी त्याच्या जिवातून होतो, इतकेच. जुन्या काळच्या साहेबाला सांबर मारावयाचे होते ते भिंतीवर शिंगे लावण्यासाठी. तरी त्याला आधी अर्ज, मग शुल्क, मग आकडा आणि मग नियम यांतून जावे लागे. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याला रोही मारावयाचा आहे तो हरभरा वाचविण्यासाठी, आणि बहुतेकांना तो मारावयाचाही नाही. शेतातून गेला म्हणजे पुरे आहे. त्याच्या हाती नुसता कागद देऊन शासनाची जबाबदारी संपत नाही. यंदाचा हरभराही वीतभर वर येईल, शेकोट्या पेटतील, डबे वाजतील. त्या आवाजात एखादा बार ऐकू आला, तर तो ज्याने काढला त्याला तो कसा काढावा आणि केव्हा काढू नये हे कोणीतरी शिकविलेले असावे, एवढी अपेक्षा या मुलखाने करावी, यात काही जास्त मागितल्यासारखे नाही.